गच्चीवरचा पाखऱ्या

बंगल्याला शिंगं असावीत का, असा प्रश्न तुम्हाला आयुष्यात कधी पडला नसेल. मला पडला आहे. नुसता पडला नाही, त्याचं उत्तर मी सळई-सिमेंटमध्ये दिलं आहे आणि ते आजही घोटावड्याच्या रस्त्यावरून दिसतं.

मी बंगले बांधते. माहेर माल्याचं, सासर पौडचं, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. स्कूटरच्या डिकीत टेप, ओळंबा आणि पाया आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन पंचवीस वर्षं मुळशीभर हिंडते आहे. सुरुवातीला साइटवर पोचले की लोक विचारायचे, "मिस्त्री कुटं हायेत?" मी म्हणायचे, "मीच." मग ते माझ्या मागे वाकून बघायचे. कुणी पुरुषमाणूस स्कूटरवरून उतरायचा राहिला असेल, अशी शंका! आता तसं कुणी विचारत नाही. आता बंगला झाला की "ताईंनी बांधलाय" म्हणून अभिमानाने सांगतात, आणि पावसाळ्यात गळला की त्याच सुरात परत तेच सांगतात.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे एलिव्हेशन. बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगायचं तर घराचं तोंड. रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसतं, ते. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, खोल्या किती, मोरी कुठे, देव्हारा कुठे. आता जमिनीला भाव आला, हिंजवडी दाराशी आली, आणि गिऱ्हाईक आल्याआल्या मोबाइल पुढे करतं. "ताई, आसं पायजे." फोटोत परदेशातलं एखादं हॉटेल असतं, आणि पुढे समुद्र. मी विचारते, "समुद्राचं काय करायचं?" तर म्हणतात, "त्यो मागनं बगू."

मग आम्ही थ्रीडी काढून देतो. कॉम्प्युटरवरचं रंगीत चित्र. त्यात आभाळ नेहमी निळं, दारात पांढरी गाडी, आणि अंगणात कधीही न वाढणारी दोन पामची झाडं. ते चित्र एकदा फ्रेम करून भिंतीला लागलं की त्यातली एक खिडकी इकडची तिकडे केलेली चालत नाही.

या हातांनी काय काय केलं म्हणून सांगू! कासारसाईजवळ एका बंगल्यात होम थिएटर केलं. बारा खुर्च्या, मागे रेलणाऱ्या, भिंतींना मखमल. वर्षभराने गेले तर खुर्च्यांवर कांद्याची पोती. मालकीणबाई म्हणाल्या, "सगळ्यात थंड खोली तीच हाय ओ." इतका आरामात बसलेला कांदा मी दुसरीकडे पाहिला नाही. आणखी एका घरी दोनच मजल्यांसाठी लिफ्ट बसवली. घरातले म्हातारबाबा तिच्यात खुर्ची टाकून सकाळभर वरखाली करायचे आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की विचारायचे, "च्या झाला का?"

सगळ्यात मजा एका पावसाळ्यानंतर आली. एका शेतकऱ्याने जुनं घर पाडून मला गोल, गुळगुळीत, ग्रीक खांब करायला सांगितले. त्याच आठवड्यात वर्ध्याहून आलेलं, कॉम्प्युटर कंपनीतलं एक जोडपं म्हणालं, "ताई, आम्हाला अगदी गावाकडचं घर हवंय. शेणाने सारवलेलं, लाकडी खांबांचं." मी शेतकऱ्याचे सागवानी खांब उचलले आणि तीन किलोमीटरवर जोडप्याच्या घरात उभे केले. वास्तुशांतीला तो शेतकरी आला, त्या खांबांवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, काय झ्याक खांब हायेत! आमाला का न्हाई सुचवले?"

पण माझा सगळ्यात गाजलेला बंगला म्हणजे बबनरावांचा.

बबनराव आणि खंडू हे घोटावड्याचे सख्खे भाऊ. बबनराव थोरले, पांढरे कडक कपडे, मिशीला पीळ. खंडू सात वर्षांनी धाकटा, बनियन आणि खाकी हाफ पँट, बोलणं तासणीसारखं धारदार. वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा बबनरावांना आला, त्याच्या मागचं राहतं घर आणि गोठा खंडूला. मध्ये दहा फुटांची बोळ. भांडण काही नव्हतं. कढईपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं एकमेकांकडे चालू होतं.

आणि दोघांचा मिळून एक बैल होता, पाखऱ्या. पांढराशुभ्र, शिंगं कमानीसारखी. बैलगाड्यांच्या शर्यतीत त्याने घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धाव, गाजवला होता. शर्यतीत पुढे फेटा बांधून मिरवायला बबनराव, आणि रोजचं वैरण-पाणी, धुणं, शेण काढायला खंडू. ही वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप झाली होती. आता पाखऱ्या म्हातारा होऊन खंडूच्या गोठ्यात आराम करत होता.

बबनरावांनी थ्रीडी बघितलं, पामची झाडं बघितली आणि म्हणाले, "समदं बेस हाय. फकस्त वर पाखऱ्या पायजे."

"फोटो लावू या का मोठा?"

"फोटू? ताई, आख्खा बैल. सिमिटाचा. जिन्याच्या खोलीवर. रस्त्यानं जाणाऱ्यानं मान वर करून म्हनावं, हे पाखऱ्याचं घर."

मला असली कामं आवडतात, हे कबूल करते. शिवाय मला एक युक्ती सुचली. पाण्याची टाकी हा आमच्या एलिव्हेशनचा शत्रू. एवढा नक्षीदार बंगला, आणि डोक्यावर काळी टाकी! मी म्हटलं, टाकी बैलाच्या पोटात घालू. भोवती सळई, जाळी, वर सिमेंट. साफ करायचं झाकण पाठीवर, झुलीच्या नक्षीखाली दडवलेलं. बबनराव इतके खूश झाले की त्यांनी मला जागच्या जागी नारळ दिला.

बैल घडवायला सासवडकडचे शंकरदादा आणले. हे देवळांच्या शिखरांवरच्या मूर्ती करणारे कारागीर. ते रोज तासभर खंडूच्या गोठ्यात पाखऱ्यासमोर नुसते बसत, मग गच्चीवर येऊन थापी धरत. त्यांची एक रीत होती. डोळे सगळ्यात शेवटी. त्या दिवशी ते उपास धरत, नारळ फोडत आणि एकटेच वर जाऊन डोळे रंगवत. याला ते डोळे उघडणं म्हणत. "ताई," त्यांनी मला बजावलं होतं, "एकदा डोळं उगडलं की त्यो नग न्हाई ऱ्हायला. मंग त्येला हातोडा लावायचा न्हाई."

बैल झाला. काय झाला म्हणून सांगू! पुढचा एक पाय उचललेला, मान ताठ, तोंड रस्त्याकडे. एसटी थांबवून ड्रायव्हर बघायचा. प्लंबर रामलखनने विचारलं, "मॅडम, ओव्हरफ्लो का पाइप किधर निकालूं?" टाकी भरून वाहिली की जादा पाणी बाहेर जायला हा पाइप लागतो. मी पंचवीस वर्षं जे उत्तर देत आले तेच दिलं. "पीछे. सामने से दिखना नहीं चाहिए."

वास्तुशांती वैशाखातली, आठ दिवसांवर आलेली. सकाळी पहिल्यांदा मोटर चालू केली. मी आणि बबनराव रस्त्यावर उभे राहून बैलाचे फोटो काढत होतो. बबनराव म्हणत होते, "जरा हिकडनं काडा, शिंगावर ऊन येतंय," आणि मोटर बंद करायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. इतक्यात मागून किंकाळी आली.

आम्ही बोळीतून धावलो. खंडूची बायको हिराबाई अंगणात उभी. बाजेवर धुतलेल्या साड्या, साड्यांवर वर्षाच्या कुरडया वाळत घातलेल्या. आणि वरून, बरोबर शेपटीखालून, पाण्याची धार. उन्हात चमकणारी, जोरदार, थेट कुरडयांवर.

मी वर बघितलं आणि त्या क्षणी मला माझ्याच बांधकामाची पाठ पहिल्यांदा दिसली. थ्रीडीच्या चित्रात घराला पाठ नसते, त्यामुळे ती माझ्या डोक्यातच नव्हती. पाखऱ्याचं तोंड सगळ्या जगाकडे, आणि भलंमोठं ढुंगण खंडूच्या उंबऱ्यावर रोखलेलं.

खंडू गोठ्यातून आला. आधी धार बघितली, मग कुरडया, मग थोरल्या भावाकडे.

"दादा, ह्ये काय हाय?"

"टाकी भरली जनू," बबनराव म्हणाले.

"टाकी भरली! सतरा वरसं त्येचं श्याण मी काडतुया. तवा फेटा तुजा. आता सिमिटाचा केलास, तर त्येचं बी तोंड लोकान्ला आन बूड मला?"

मी म्हटलं, "खंडूभाऊ, चूक माझी. पाइप आत्ता फिरवते."

तो माझ्याकडे वळला. "आन तुमी ओ ताई! शेतकऱ्याची लेक ना तुमी माल्याची? बैल शेपटाखालनं मुततो व्हय? त्ये गाईचं आसतंय. घाट मारलेल्या बैलाची गाय केली तुमी!"

हे मात्र मला लागलं. माझ्या वडिलांनी जन्मभर बैल राखले होते. हिराबाई भिजलेल्या कुरडया गोळा करत करत हळूच तोंडाला पदर लावून हसत होती, तेही मला दिसलं, पण खंडू हसत नव्हता. जाता जाता तो म्हणाला, "वास्तुशांतीला माजी वाट बगू नगा."

बबनरावही तोऱ्यात म्हणाले, "नगो येऊ!" पण खंडू आत गेला, आणि नव्या बंगल्याच्या पायरीवर बसल्यावर त्यांचा पीळ उतरला.

"ताई, आख्खं गाव जेवंल. पर पाठीला पाठ लावून राहणारा भाऊ पंगतीला नसंल, तर मला घास उतरंल का? लोक बैल बगून जात्याल आन बोलत्याल, सख्खा भाऊ आला न्हाई त्या घरी. त्या पाखऱ्याला फिरवा ना तुमी."

फिरवा म्हणणं सोपं होतं. पण चारी पायांच्या, म्हणजे जमिनीवरच्या तिन्ही पायांच्या सळया स्लॅबमध्ये गुंतलेल्या. आणि फिरवायचा तरी कुठे? तोंड डावीकडे केलं तर शेपूट मारुतीच्या देवळाला. उजवीकडे केलं तर बबनरावांच्या व्याह्यांच्या बंगल्याला. खंडूकडे तोंड केलं तर बूड रस्त्याला, म्हणजे अख्ख्या तालुक्याला. बैलाला मागची बाजू असतेच, ती कुणाकडे तरी असणारच, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती. पाडून टाकू म्हटलं तर शंकरदादा दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले, "डोळं उगडल्यात त्येचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माफी मागायला खंडूच्या घरी गेले. सोबत माझ्या सासूने केलेल्या कुरडयांचा डबा. हिराबाईने चहा दिला. खंडू माझ्याशी न बोलता वैरणीचा भारा घेऊन गोठ्याकडे निघाला. मीही मागोमाग गेले.

पाखऱ्या गव्हाणीकडे तोंड करून उभा होता, आमच्याकडे पाठ. खंडू अजून दहा पावलांवर होता, एक शब्द बोलला नव्हता. नुसता चपलेचा आवाज झाला, आणि त्या म्हाताऱ्या बैलाने मान वळवून मागे बघितलं. शरीर तसंच, पाय तसेच, फक्त मान मागे. डावा कान खाली पडलेला, आणि डोळे खंडूवर.

"ह्यो रोज आसं करतो का?" मी विचारलं. गोठ्यात शिरल्यावर माझी भाषा आपोआप माहेरची होते.

"मंग! दुसऱ्या कुनासाठी न्हाई करत," खंडू पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "दादानं किती बी हाका मारल्या तरी न्हाई."

मी चहाची कपबशी तिथेच गव्हाणीवर ठेवली आणि पळत सुटले.

शंकरदादांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मान कापायची. पर डोळ्याला धक्का न्हाई लागला पायजे." बबनरावांना मी स्वच्छ सांगितलं, की आता रस्त्यावरून तुम्हाला छाती, मानेची वळी आणि एक शिंग दिसेल, तोंड दिसणार नाही. फ्रेम केलेल्या चित्रात आहे तसं राहणार नाही. ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. "वळवा," म्हणाले.

त्या दिवशी निम्मं घोटावडे बोळीत जमलं होतं. शंकरदादांनी पाखऱ्याच्या डोळ्यांवर नवा पंचा बांधला. ग्राइंडरने मान कापली, सळया सोडवल्या, आणि चेनब्लॉकच्या साखळीला टांगलेलं ते भलंमोठं मुंडकं, डोळ्यांवर पंचा बांधलेलं, हळूहळू हवेत फिरू लागलं. मी कठड्याशी उभी. खाली खंडू अंगणात, पाठमोरा, विळा परजत बसलेला. आपलं या सगळ्याशी काही देणंघेणं नाही, असा.

मुंडकं जरा हेलकावलं आणि शिंग कठड्याला लागणार, तोच तो ओरडला, "आरं हळू! शिंग सांबाळा, शिंग!"

म्हणजे पाठमोरा बसून तो विळ्याच्या पात्यात बघत होता की काय, देव जाणे!

मी वरून हाक मारली, "खंडूभाऊ, किती वळवू? मला कळंना झालंय. तो तुमच्याकडं कसा बगतो ते तुमालाच ठावं."

तो उठला. गोठ्याच्या दारात, जिथे तो रोज वैरण घेऊन यायचा, बरोबर तिथे जाऊन उभा राहिला. हात वर केला.

"आजून. आजून जरा. खाली घ्या. डावा कान पडलेला पायजे. आजून... बास."

शंकरदादांनी पंचा सोडला. सिमेंटचा पाखऱ्या मागे वळून खंडूकडे बघत होता. खंडू तसाच हात वर करून उभा होता. मग त्याने तो हात डोळ्यांवर धरला, उन्हासाठी धरल्यासारखा, आणि म्हणाला, "ती नळी तेवडी काडा."

नळी काढली. रामलखनने ती आतून खाली नेऊन बबनरावांच्याच परसात सोडली, केळीच्या बुडाशी. मानेचा सांधा शंकरदादांनी चार दिवसांत असा भरला की कुठे कापलं ते मलाही सापडत नाही. पण वास्तुशांतीला येतो असं खंडू एका शब्दाने बोलला नव्हता.

वास्तुशांतीच्या दिवशी मंडप भरला. होम झाला, पानं मांडली, भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं. बबनराव फाटकात उभे. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी पानाशी येऊन जाऊन म्हणत होत्या, "वाडा की आता," आणि बबनराव हात हलवून "थांब" म्हणत होते. मी वाढप्यांच्या रांगेत उभी, आणि भाताची वाफ विरत चाललेली.

मग घुंगुरमाळ वाजली. बोळीतून पाखऱ्या आला. खरा. अंगावर झूल, शिंगांना नवा हिंगूळ. पुढे इस्त्रीच्या सदऱ्यात खंडू, मागे हिराबाई, हातात कुरडयांचा डबा. माझाच डबा होता तो, मी ओळखला.

"घराला नाव ज्येचं हाय," खंडू म्हणाला, "त्येनं आदी पाय ठिवाय पायजे. मंग मी."

बबनरावांनी बाजूला होऊन वाट दिली. पाखऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश पोर्चमध्ये चढला. तिथे बबनरावांनी स्वतः निवडून आणलेला, आरशासारखा पांढरा संगमरवर होता. त्याच्या मधोमध पाखऱ्या थांबला, चारी बाजूंनी घर नीट बघितलं, शेपूट उचललं, आणि आपलं मत दिलं.

सुमनवहिनींनी डोळे मिटून घेतले. एक वाढपी फावडं शोधायला धावला.

"ऱ्हाऊ दे," बबनराव म्हणाले. त्यांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, धोतर आवरलं, खाली बसले आणि दोन्ही हातांनी शेण उचललं. सवय नव्हती. निम्मं निसटलं, मिशीला लागलं. खंडू शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"आसं न्हाई, दादा," तो म्हणाला. "बोटं जुळवून. खालनं घ्यायचं."

"आसं?"

"व्हय. आता कसं!"

मी त्यानंतर एक शिस्त लावून घेतली आहे. जागेवर फक्की टाकण्याआधी मागच्या घरी जाते, चहा मागते, आणि त्यांच्या अंगणात उभी राहून विचारते की तुम्हाला हितनं काय दिसावंसं वाटतं. पंचवीस वर्षं मी घरांची फक्त तोंडं रंगवत राहिले, याची थोडी लाज वाटते. बहुतेक लोक मला वेडी समजतात, पण चहा देतात.

घोटावड्याच्या रस्त्यावर आजही गाड्या थांबतात. लोक विचारतात, एवढा भारी बैल केला आणि तोंड मागे का? बबनराव पोर्चमध्ये बसलेले असतात. ते काही सांगत नाहीत. बोळीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मागं जावा. खंडूच्या अंगणातनं बगा. तितनं चांगला दिसतोय."